चार

कुणाला खरचटलंही नाही, हे आधीच सांगतो,
कारण सगळे मला तेच सांगतात.
अकरा मुलं, एक बस, जानेवारीची काळोखी सकाळ
आणि गिरणीच्या वळणावर रस्त्यात उभा एक मूस,
गोठ्याएवढा, निवांत,
जणू बसचीच वाट बघत थांबलेला.
बस फिरली, घसरली, बर्चच्या झाडाला टेकून उभी राहिली.
मुलं हसली. मूस निघून गेला.
मी तेवढा तिथेच राहिलो.

तेव्हापासून एकोणीस किलोमीटरचा वळसा घालतो.
मुलं पहिल्या तासाला उशिरा पोचतात.
मी म्हणतो, बर्फ.
मे उजाडला तरी म्हणतो, बर्फ.
मुख्याध्यापिकाबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त खिडकीबाहेर बघितलं;
अंगणभर पिवळी फुलं होती.

आरोग्यकेंद्रातल्या एल्गाने तीन नंबर लिहून दिले.
पहिला ताल्लिनचा: दीड तास फेरीबोट, पुढे दोन तास रस्ता,
आणि रस्ता हेच तर माझं दुखणं.
दुसरीकडे सात महिन्यांनी जागा.
तिसरा इथलाच, हीउमा बेटावरचा,
पशुखाद्याच्या दुकानामागचं हिरवं दार. लीवी.
हिला तर मी ओळखतो!
शनिवारी पावाच्या रांगेत माझ्या पुढे असते.
हिच्याच भावाने मला तो ट्रॅक्टर गळ्यात मारला.

आठ दिवस चिठ्ठी खिशात.
मग बायकोने पँट धुतली, चिठ्ठीही धुतली गेली.
तरी नंबर पाठ होता.

"दुकानात मी ओळख दाखवणार नाही,"
हे तिचं पहिलं वाक्य,
"तुम्ही दाखवलीत तर गोष्ट वेगळी.
आणि इथलं इथेच राहील.
कुणाच्या जिवाशी गाठ असली तरच मी तोंड उघडेन,
तेही आधी तुम्हाला सांगून."

मी गोळ्या मागितल्या.
त्या देणारे डॉक्टर वेगळे, म्हणाली. लागल्या तर पाठवीन.
मला वाटलं होतं, बर्फाला भोक पाडून मासा हेरावा
तशी माझ्यात डोकावेल.
तिने उलट विचारलं,
"बस थांबली तेव्हा तुमचे हात कुठे होते?"
एवढ्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
हात स्टिअरिंगवर नव्हते.
हात डोळ्यांवर होते.

ते सांगितलं आणि मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
गप्प बसणं या बेटावर सगळ्यांनाच येतं,
पण आमचं गप्प बसणं दार लावून घेतल्यासारखं,
तिचं, किलकिलं ठेवल्यासारखं.

पाचव्या बुधवारी ती बसमध्ये येऊन बसली,
पुढच्या सीटवर, जिच्यासाठी पोरं भांडतात.
वळणाच्या अलीकडे मी बस उभी केली.
"शून्य ते दहा. भीती किती?"
"नऊ."
थांबलो. इंजिन चालू.
दुधाचा टँकर हॉर्न मारत पुढे गेला.
"आता?"
"नऊच."
घाबरू नका, असं ती एकदाही म्हणाली नाही.
काचेवर एक माशी वर चढत होती, घसरत होती.
"आता?"
"आठ. साडेसात म्हणा."
मग मीच क्लच सोडला.
बर्चच्या सालीवर आमचा निळा रंग अजून होता.

त्यानंतर कितीदा गेलो, आलो.
सहा झाले. मधेच एकदा पुन्हा आठ.
तिने तेही वहीत टिपलं,
नापास केल्यासारखं नाही,
हवामान टिपावं तसं.

काल शनिवार. पहाटे मी एकटाच गेलो वळणावर,
न सांगता, रिकामी बस घेऊन.
आणि मग पावाच्या दुकानात.
ती रांगेत पुढे, पाठमोरी.
शब्दाला जागली, वळली नाही.
न राहवून मीच म्हणालो, जरा मोठ्यानेच,
"चार!"

काउंटरमागच्या मिल्वीने
मोजून चार काळे पाव पिशवीत भरले.
पुढे लीवीचे कान तेवढे हलले,
हसू दाबताना हलतात तसे.

घरी आम्ही दोघंच.
चारही घेतले.